अंगणातील मोटारगाडी आणि तिची निगा

वर्धा जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले जातात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा घास. सिंदी रेल्वे येथे तर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांची मिरवणूक पाहण्यासाठी दूरदूरची माणसे जमतात. वर्षभर खांद्यावर जू वाहणाऱ्या जनावराची काळजी घ्यावी, ही शिकवण या भागातील शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून द्यावी लागली नाही. परंतु त्याच अंगणात, गोठ्याला लागून, आता एक चारचाकी उभी असते. कोठे प्रवासी मोटार, कोठे मालवाहू छोटी गाडी, तर कोठे जुनी जीप. दसऱ्याला तिला झेंडूची माळ मिळते, समोर लिंबू-मिरची बांधली जाते, आणि तेथेच तिची सेवा संपते. चाकातील हवा शेवटी केव्हा मोजली होती, असे विचारले तर बहुतेक घरांतून नेमके उत्तर मिळत नाही.

जुन्या बैलगाडीच्या बाबतीत असे घडत नसे. गाडीखाली ओंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असावयाचा. चाक कुरकुरू लागले की गाडीवान थांबून आसाला ओंगण घाली. आरे सैल झाले की गाडी सुताराकडे जाई, आणि लोखंडी धाव ढिली झाली की लोहाराच्या भट्टीवर ती तापवून पुन्हा चढविली जाई. बैलगाडी आपले दुखणे आवाजाने सांगते. आजची मोटार सहसा सांगत नाही. तिचे ब्रेक हळूहळू झिजतात, तिचे पाणी थेंबाथेंबाने कमी होते, टायरच्या आतली तार गुपचूप तुटते. आवाज होतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

बैल आणि मोटार यांची गाठ वर्ध्यात एकदा फारच गमतीने पडली होती. सेठ जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती चालविली जाई, आणि ‘ऑक्स’ म्हणजे बैल व पुढे फोर्ड, म्हणून तिला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. महात्मा गांधी १९३६ साली शेगाव येथे राहावयास आले आणि पुढे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्या काळी वर्ध्याहून तेथवर जाणारी वाट खाचखळग्यांची होती आणि पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. बैल जुंपलेल्या मोटारीला इंजिनाच्या तेलाची किंवा ब्रेकची चिंता करावी लागत नसे. इंजिनावर चालणाऱ्या गाडीच्या धन्याला मात्र ती करावीच लागते.

या जिल्ह्यातील मोटारीची अडचण शहरातील मोटारीपेक्षा वेगळी आहे. एकच गाडी सकाळी शेताच्या पांदणीतून जाते आणि दुपारी महामार्गावर धावते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. येळाकेळी व विरूळ येथून त्यावर चढता येते. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. जांब-हिंगणघाटवरून जाणारा नागपूर-हैदराबाद मार्ग आणि कारंजा-तळेगाववरून जाणारा अमरावतीचा मार्गही आता रुंद व वेगवान आहेत. पांदणीत बाभळीचा काटा किंवा तुराटीचे टोकदार खुंट टायरच्या कुशीत शिरते, आणि त्याच दिवशी तोच टायर ताशी शंभराच्या वेगाने सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर फिरतो. गाडीत बहुधा सारे घर बसलेले असते. म्हणून या लेखात सर्वांत अधिक जागा टायरला दिली आहे. बाकीच्या भागांकडे त्यानंतर वळता येईल.

हवा कमी ठेवावी, हा समज

उन्हाळा लागला की गावोगावी एक सल्ला ऐकू येतो. ऊन कडक आहे, टायर तापून फुटेल, तेव्हा हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी. हा सल्ला ऐकावयास शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे, आणि त्याने जीव जातात.

टायर उन्हाने तापतो हे खरे. परंतु तो उन्हापेक्षा कितीतरी अधिक स्वतःच्या वाकण्याने तापतो. लोखंडी तार हातात घेऊन तिला एकाच जागी वाकवीत राहिले तर ती आधी ऊन होते आणि मग तुटते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. टायरचे तसेच होते. जमिनीला टेकलेला भाग भाराने दबतो, वर गेल्यावर सरळ होतो, पुन्हा खाली येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साधारण मोटारीचे चाक मिनिटाला सुमारे ८०० ते ९०० फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग मिनिटाला तितक्या वेळा दबतो आणि उघडतो. आत हवा कमी असली की तो अधिक दबतो, अधिक वाकतो आणि अधिक तापतो. कडेची भिंत तर फारच वाकते. आतील दोरे व तारा रबरापासून सुटू लागतात, आणि मग भरधाव गाडीचे चाक एकाएकी फुटते. बाहेर ४५ अंश ऊन असेल तर या साऱ्याला त्याची भर पडते, इतकेच.

म्हणून हवा किती ठेवावी याचा निकाल उन्हाळा किंवा हिवाळा यांवर नाही. गाडी बनविणाऱ्या कारखान्याने सांगितलेला आकडाच प्रमाण मानावा. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात असतो. बहुतेक मोटारींत तो ३० ते ३५ पौंडांच्या आसपास असतो. पण माणसे व सामान भरून जावयाचे असल्यास मागच्या चाकांसाठी वेगळा आणि वरचा आकडा दिलेला असतो, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही. मालवाहू गाडीचा आकडा मोटारीपेक्षा बराच वरचा असतो. टायरच्या भिंतीवर जो आकडा कोरलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा होय. त्यास रोजचा आकडा समजू नये.

हवा सकाळी, गाडी काढण्यापूर्वी मोजावी. गाडी उभी राहून दोन-तीन तास झालेले असावेत. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारणतः एका पौंडाने वाढतो. सकाळी ३३ पौंड भरलेला टायर दुपारी महामार्गावर ३७ किंवा ३८ दाखवील. हे स्वाभाविक आहे, कारखान्याने ते गृहीत धरलेले असते. त्या वेळी घाबरून हवा सोडली तर रात्री टायर थंड झाल्यावर दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी मऊ टायरवर निघते. ज्याने काळजीपोटी हवा सोडली त्यानेच धोका वाढविला, असा हा उलटा हिशेब आहे. याउलट थंडीच्या दिवसांत, विशेषतः मार्गशीर्ष-पौषात, हवा आपोआप कमी झालेली आढळते. तेव्हा ती भरून घ्यावी.

पायाने लाथ मारून किंवा डोळ्याने पाहून हवा कळते, हा समज आजच्या टायरला लागू पडत नाही. हल्लीच्या टायरची भिंत अशी असते की दहा पौंड कमी असतानाही तो जवळजवळ सरळच दिसतो. हवा मोजण्याचे लहानसे यंत्र फार महाग नसते. ते गाडीच्या खणात ठेवावे. पंपावरील यंत्र चुकीचा आकडा दाखविते असा अनुभव अनेकांस येतो. आपले यंत्र असले म्हणजे ती शंका राहत नाही. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी. रात्री बारा वाजता पांदणीत टायर बसला आणि स्टेपनीही रिकामी निघाली, अशा गोष्टी गावात हसत सांगितल्या जातात. पण गाडीत बाळंतीण असेल आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठावयाचे असेल तेव्हा ती हसण्याची गोष्ट राहत नाही.

हवा मोजताना दोन मिनिटे खाली बसून टायरकडे पाहावे. भिंतीवर फुगवटी आली असेल तर आतील दोरे तुटलेले आहेत, असे समजावे. अशा टायरला ठिगळ चालत नाही, तो बदलावाच लागतो. काटा टायरच्या तळव्यात शिरला असेल तर दुरुस्ती होते. कुशीत शिरला असेल तर त्या दुरुस्तीवर महामार्गाचा भरवसा ठेवू नये. खाचांच्या तळाशी, काही अंतरावर, रबराचे लहान उंचवटे असतात. तळवा झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की टायर संपला. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलीमीटरपेक्षा कमी असू नये असा कायद्याचाच नियम आहे. झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर पाणी कापू शकत नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगत घसरते.

टायर नवा दिसतो म्हणून तो नवा असतोच असे नाही. भिंतीवर एका चौकटीत चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ज्या गाडीचा उपयोग थोडा होतो, जी महिनोन्महिने उन्हात उभी असते, तिचे टायर झिजत नाहीत पण रबर कडक होऊन तडकते. पाच वर्षांनंतर अशा टायरची जाणकाराकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपेक्षा जुना टायर, कितीही चांगला दिसला तरी, काढून टाकावा. जुने टायर स्वस्तात विकत घेताना ही चौकट पाहण्याची सवय ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लोकांना लावल्यास बरेच साधेल.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. पांदणीतील चिखल चाकाच्या आतल्या बाजूस बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. एका बाजूस अर्धा किलो माती चिकटलेले चाक ताशी ८० च्या पुढे थरथरू लागते, सुकाणू हातात नाचते, आणि मालक गॅरेजमध्ये जाऊन सुकाणूचे भाग बदलून येतो. आधी पाण्याची नळी घेऊन चाके आतून धुवावीत. पुष्कळदा रोग तेवढ्यानेच जातो.

तेल, पाणी आणि हवेची चाळणी

इंजिनाचे तेल पाहण्याचे काम दहा वर्षांच्या मुलालाही शिकविता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेखाली गेले तर भर घालावी, पण वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये. जादा तेलही इंजिनास अपायच करते. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडते, त्यावरून ते खराब झाले असे समजू नये. काजळी धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे. मात्र तेल दुधासारखे पांढरट झाले तर त्यात पाणी शिरले आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

तेल किती किलोमीटरने बदलावे हे माहितीपुस्तकात दिलेले असते, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी ठरलेल्या महिन्यांनी बदलावे, असेही तेथे लिहिलेले असते. हा दुसरा भाग खेड्यातील गाड्यांना अधिक लागू आहे. ज्या गाडीचा फेरा घर ते शेत असा तीन-चार किलोमीटरचाच असतो, तिचे इंजिन पुरते तापतच नाही. आतील ओल उडून जात नाही आणि तेल लवकर बिघडते. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. तीही अशा लहान फेऱ्यांनी भरून येते, कारण साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. पंधरवड्यातून एकदा वर्धा किंवा आर्वीपर्यंतची सरळ धाव अशा गाडीला औषधासारखी असते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याविषयी इकडे बरीच हयगय होते. विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी सरळ ओतले जाते. हे पाणी बहुधा जड असते. चुलीवरच्या भांड्याला आतून जसा पांढरा थर बसतो तसाच थर इंजिनाच्या आतील वाटांना बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. कारखान्याने सांगितलेले शीतक द्रव्य, पाणी मिसळावयाचे असल्यास शुद्ध केलेल्या पाण्यासह, वापरावे. इंजिन तापून काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी एकदम उसळते आणि तोंड, छाती, हात भाजतात.

कापसाच्या हंगामात या रोगाला एक खास स्थानिक कारण असते. हिंगणघाटच्या बाजारात व जिनिंगच्या आवारात हवेत कापसाचे तंतू उडत असतात. रेडिएटरच्या जाळीवर ते चिकटतात, त्यांवर धूळ बसते, आणि थोड्याच दिवसांत तिथे गोधडी तयार होते. कापूस घेऊन जाणाऱ्या गाडीची जाळी आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी. पाण्याचा फवारा मारावयाचा तर तो हलका असावा, जोरदार फवाऱ्याने जाळीची पातळ पाने वाकतात. हवेच्या चाळणीचेही तसेच. सोयाबीनची मळणी चालू असताना जी गाडी खळ्याजवळ उभी असते, तिची चाळणी नेहमीच्या अर्ध्या काळात भरते. चाळणी भरली की इंधन अधिक जळते आणि गाडी चढावर दम टाकते. कागदी चाळणी पाण्याने धुऊ नये. झटकून साफ होत नसेल तर बदलावी.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. आधी ऋण टोकाची तार, मग धन टोकाची तार सोडवावी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके पुसून कोरडी करावीत, आणि उलट क्रमाने तारा जोडून वर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर आटते. पाणी घालावयाच्या जातीची बॅटरी असेल तर त्यात केवळ शुद्ध केलेले पाणीच घालावे.

शेतातला युरिया गाडीत घालू नये

ही सूचना खास शेतकऱ्यांसाठी आहे, शहरात तिची गरज पडणार नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या मोटारींना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे काही डिझेल गाड्यांत आणि मोठ्या मालवाहू वाहनांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक लहान टाकी असते. तिच्यात युरियाचे पाणी घालावयाचे असते; ते धुरातील विषारी वायू निवळण्याच्या कामी येते. युरिया हे नाव कानावर पडताच घरी पडलेली गोणी आठवणे साहजिक आहे. गोणीतील दोन मुठी पाण्यात ढवळून टाकल्या तर पैसे वाचतील, असा विचार कोणाच्याही मनात येईल.

असे केव्हाही करू नये. गाडीसाठीच्या द्रावणात ३२.५ टक्के अतिशय शुद्ध युरिया व बाकी क्षाररहित पाणी असते. खताच्या युरियात बाययुरेटसारखे दुसरे पदार्थ असतात, दाणे चिकटू नयेत म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली असते, आणि २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया नीमलेपित असतो. पिकाला या लेपाचा फायदा होतो, कारण नत्र सावकाश सुटते. पण तेच तेल, तेच क्षार गाडीच्या फवारनळीत आणि धुराड्यातील उत्प्रेरकात बसून त्यांचा कायमचा नाश करतात. तो भाग बदलण्याचा खर्च कित्येक गोण्यांच्या किमतीहून अधिक येतो. दुसरी चूक याहूनही मोठी, ती म्हणजे युरियाचे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत ओतणे. तसे झाले तर किल्लीसुद्धा फिरवू नये. गाडी ओढून नेऊन टाकी रिकामी करून घ्यावी.

पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉल ओल ओढून घेते. जुनी मोटार किंवा मोटारसायकल आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीने उभी ठेवल्यास तळाशी पाणी साठण्याची भीती असते. म्हणून जुन्या वाहनाच्या रबरी नळ्या दर वर्षी पाहून घ्याव्यात आणि नव्या रबराच्या नळ्या बसविताना इथेनॉलला टिकणाऱ्या मागाव्यात.

ब्रेक आणि दिवे

ब्रेकचे पायपान दाबताना स्पंजासारखे मऊ लागले, किंवा दाबून धरले असता हळूहळू खाली बसू लागले, तर गाडी तेथेच उभी करावी. ब्रेकच्या तेलाची डबी पारदर्शक असते. पातळी खाली गेली असेल तर एक तर पट्ट्या झिजल्या आहेत किंवा कोठे गळती आहे. वरून तेल घालून विषय मिटवू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, आणि ओल धरलेले तेल घाटात सतत ब्रेक दाबल्याने उकळू लागते. मग पायपान दाबूनही गाडी थांबत नाही. साधारणतः दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे.

तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या उतारावर काही चालक इंजिन बंद करतात किंवा गिअर काढून ठेवतात. इंधन वाचविण्याचा हा मार्ग नव्हे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना प्रवेगाच्या पायपानावरून पाय काढला की इंधन आपोआप बंद होते. गिअर काढला तर इंजिन चालू ठेवण्यासाठी ते उलट खर्चच होते. शिवाय इंजिन बंद पडले की ब्रेकला मदत करणारी शक्ती जाते आणि पायपान दगडासारखे घट्ट होते.

दिव्यांविषयी बोलावयाचे तर मोटारीपेक्षा ट्रॉलीविषयीच बोलावे लागते. कापूस, सोयाबीन किंवा तूर भरलेली ट्रॉली पहाटे बाजारात पोचावी म्हणून रात्रीच निघते. मागे ना दिवा, ना परावर्तक पट्टी. ताशी १५-२० किलोमीटरने जाणारी ती काळी आकृती मागून ताशी ८०-९० ने येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दिसते. लाल परावर्तक पट्ट्या ट्रॉलीच्या मागील फळीच्या दोन्ही टोकांना, तसेच पिवळ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना, लावाव्यात. भरलेल्या मालाचा ताडपत्रीचा पदर त्यांवर येत नाही ना, हे निघताना पाहावे. रस्त्यावर चालविताना ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पायपाने कडीने जोडलेली असावीत. शेतात वळण्यासाठी ती सोडली जातात आणि घाईत तशीच राहतात. मग भरधाव ट्रॅक्टर एका बाजूला फिरून उलटतो. ट्रॉलीच्या खुंटीला कुलूपपिन आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

पावसाळ्यात आणि पावसाळ्याआधी

रोहिणी नक्षत्राच्या आत वायपरच्या रबरी पट्ट्या बदलाव्यात. उन्हाने कडक झालेली पट्टी काच पुसत नाही, ओरखडे काढते. काच धुण्याचे पाणी भरावे आणि चारही दिवे पेटतात का ते दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावे.

जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील नदीनाल्यांना पूर आले आणि अनेक गावांचे रस्ते तुटले, हे पुष्कळांना आठवत असेल. वाहत्या पाण्यात मोटार नेण्याचे धाडस करू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला उचलून बाजूला लोटू शकते, आणि दोन फूट पाण्यापुढे जड गाडीही टिकत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडचा रस्ता शाबूत आहे की नाही हे पाण्याखाली दिसत नाही. गाडी अंगणातच पुरात बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहू नये. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी असल्यास दट्ट्या पाण्यावर आदळतो, कारण हवेसारखे पाणी दाबले जात नाही, आणि आतील दांडा वाकतो. बॅटरीची तार काढावी, गाडी ओढून कारागिराकडे न्यावी, विमा असेल तर छायाचित्रे काढून कळवावे.

गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांना एक गोष्ट सहज करता येईल. हवा मोजण्याचे एक चांगले यंत्र व पायाने मारावयाचा पंप ग्रामपंचायतीत ठेवावा. मृगापूर्वी एक दिवस आणि कापूस वेचणीच्या सुरुवातीस एक दिवस गावातील गाड्या, ट्रॅक्टर व ट्रॉल्या एका मोकळ्या जागी आणवून टायर, ब्रेकचे तेल आणि परावर्तक पट्ट्या पाहाव्यात. या कामाला मिस्त्रीची गरज लागत नाही. गावातला चालक तरुण आणि पट्टी वाचता येणारी शाळकरी मुले पुरतात. त्यातून एखाद्या टायरची फुगवटी सापडली तर त्या एका दिवसाचे सार्थक झाले.

चाक बदलल्यानंतरची एक सूचना मात्र मिस्त्रीलाही सांगावी लागते. नट एकापाठोपाठ एक गोलाकार न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.

गाडी दीड-दोन महिने उभी ठेवावयाची असेल, उदाहरणार्थ मुलगा शहरात नोकरीला आणि वडील एकटेच घरी, तर ती धान्याच्या कोठाराला लागून ठेवू नये. धान्याकडे आलेले उंदीर इंजिनाच्या उबेत घरटे करतात आणि तारांचे वेष्टण कुरतडतात. एका रात्रीत गाडी बंद पडते आणि दोष सापडावयास आठवडा लागतो. झाकण आठ दिवसांनी उघडून पाहावे. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, टायरमध्ये हवा पूर्ण भरावी, हातब्रेक ओढून न ठेवता चाकांखाली दगड लावावा, कारण ओलाव्याने ब्रेक चिकटून बसतो. गाडी पुन्हा काढताना अंगणातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा आणि मगच फाटकाबाहेर पडावे.